कुलपामागे राहिलेले दोन गर्भ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, रुग्ण कल्याण समितीचे ज्येष्ठ सदस्य माननीय दुलीचंदजी, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती डॉक्टर लीलाताई गेडाम, ग्रामीण रुग्णालयाचा सर्व कर्मचारीवर्ग, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो व बांधवांनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी रीना राजदीप शहारे. इथल्या शाळेत शिकवते. 'रुग्णांच्या वतीने दोन शब्द' असं निमंत्रणात छापलंय, म्हणून उभी आहे. काल गेडाम मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, "रीना, माझ्या निरोपाला भांडू नकोस गं." मी हो म्हटलं होतं. पण मघाशी अध्यक्ष महोदय बोलले की मॅडमची मधल्या काळात 'प्रशासकीय कारणास्तव' बदली झाली होती. ते ऐकलं आणि मॅडम, माझा शब्द तिथेच मोडला.

आमची खुशबू तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिकडे तिसऱ्या रांगेत आजीजवळ बसली आहे. तिला सिकलसेल आहे, आईबापाकडून रक्तातून येणारा आजार. मी वाहक, राजदीप वाहक, आणि लग्नाआधी दोघांनाही पत्ता नव्हता. आम्हाला धड साधा ताप आला नाही कधी, आणि लेकरू मात्र थंडी पडली की हातपाय धरून ओरडायचं. रात्रीबेरात्री किती वेळा ह्याच दवाखान्यात आणलं, ते मॅडमना विचारा. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी केली. त्यालाही तेच निघालं. ते बाळ जाऊ द्यावं लागलं. कसं, ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की ते पुन्हा सोसायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

तेव्हा मॅडमनीच सांगितलं की आता एक उपाय आहे. टेस्ट ट्यूबने गर्भ तयार करायचा, पोटात ठेवायच्या आधीच त्याच्या काही पेशी काढून तपासायच्या, आणि ज्याला आजार नाही तोच ठेवायचा. आमच्यासारख्यांसाठी कायद्याने याला परवानगी आहे. मात्र मुलगा की मुलगी हे बघून निवडायला नाही, सांगायलाही नाही.

आम्ही शहरातल्या एका केंद्रात गेलो. नाव घेत नाही. खटला सुरू आहे. ह्याच सभागृहात त्यांचं 'मोफत वंध्यत्व शिबिर' भरलं होतं, फीत दुलीचंदजींनी कापली होती, हे मात्र सांगायला हरकत नसावी.

इंजेक्शनं झाली, सगळं झालं. पाच गर्भ तयार झाले. तपासणीत दोन निरोगी निघाले. दोन! त्या दिवशी राजदीपने कोहमाऱ्याच्या ढाब्यावर गाडी थांबवली आणि ओळखपाळख नसलेल्या ट्रकवाल्यांना चहा पाजला.

पुढच्या खेपेला गर्भ ठेवायची तारीख घ्यायला गेलो. तिथला व्यवस्थापक मोठा गोड माणूस. म्हणाला, "मॅडम, बधाई हो, दोनों बढ़िया हैं. अब बताइए, लड्डू रखें या बर्फी?"

मला वाटलं, पेढे वाटायचं बोलतोय. राजदीपने विचारलं, "मतलब?"

"अरे सर, घर में बेटी तो है ना? एक लड्डू है, एक बर्फी है. समझ लीजिए."

लड्डू म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मी म्हटलं, "आणि जो ठेवणार नाही त्याचं काय?"

तो हसला. "जो नहीं चाहिए उसका कोई क्या करता है, मॅडम?"

सभागृहात काही लोक आत्ताही हसले. मी पाहिलं. हसा! आपल्याकडे हे हसण्यावारीच नेतात. माझ्या लेकीला ज्या दुखण्याने रात्र रात्र रडवलं, ते दुखणं टाळायला हे शास्त्र निघालं, आणि त्याचं दुकान मांडून हा माणूस मिठाई विकत होता. मी उठून बाहेर आले.

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई. सासूबाई, तुम्ही समोर आहात, रागावू नका, किंवा रागवा. त्या म्हणाल्या, "काऊन वो रीना, एवडं करूनच राहिले तं पोरगाच मागून घ्या ना. तुले कायले पाहिजे हे लफडं?" सासरे तर बाबासाहेबांच्या जयंतीला समतेवर भाषण देतात. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. मी वाट पाहत होते. दोन शब्द बोलायला काय लागत होतं?

आणि ह्या सगळ्या गलबल्यात दाराशी खुशबू उभी होती. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, मी पन अशी काचेत असती, तं मले ठेवलं असतं का?"

सांगा, काय उत्तर द्यायचं? मी शिक्षिका आहे, पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते. मी म्हटलं, "नसतं ठेवलं, बेटा. आणि आपण कोणाला गमावलं, हे मला जन्मभर कळलंही नसतं. आता कळतंय." ती माझा हात धरून झोपली. त्या उत्तराने तिचं समाधान झालं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तक्रार झालीच पाहिजे. पण आधी तुझं होऊन जाऊ दे. केंद्राला सील लागलं तर तुझेच दोन्ही गर्भ आत अडकतील. नीट विचार कर."

मी विचारलं, "मॅडम, त्याच माणसांच्या हाताखाली जाऊन झोपू? ते एक ठेवतील, दुसरा फेकतील, आणि मी डोळे मिटून घेऊ?" राजदीप म्हणाला, "नाही होणार आमच्याकडून." आम्ही तक्रार केली. मॅडमनी स्वतः साक्ष दिली. पथक आलं, चौकशी झाली, दाराला सील लागलं.

आणि आमचे दोन्ही गर्भ आत राहिले.

गोठवलेले गर्भ द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत असतात. तो उडत राहतो, सतत भरावा लागतो. आपल्या शीतपेटीतल्या लशींसारखंच समजा. दुर्लक्ष झालं की संपलं. ते दुसऱ्या रुग्णालयात हलवायला आदेश हवा होता. एक कार्यालय म्हणे, त्यांच्याकडे जा. दुसरं म्हणे, कोर्टात जा. मॅडम आपल्या हक्काच्या रजा टाकून शहरात जायच्या, सरकारी डॉक्टर म्हणून सील उघडवून टाकी भरून घ्यायच्या, आदेशासाठी बाकावर बसायच्या. आपल्या मुलांच्या लग्नालाही कोणी इतके खेटे घालत नाही.

त्याच सुमारास एक निवेदन निघालं. 'डॉक्टर गेडाम रुग्णांकडे लक्ष देत नाहीत, सारख्या रजेवर असतात, जनतेत असंतोष आहे, त्यांना हटवा.' गावातल्या प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. पहिली सही... अध्यक्ष महोदय, आपण पाणी प्या, मी थांबते.

मॅडमची बदली झाली, पार सालेकशाच्या पुढे, कचारगडच्या बाजूला. दवाखान्यात त्या एकट्या डॉक्टर, एक दिवसाचीही रजा नाही. शहरातल्या कामाचा पाठपुरावा करायला आम्ही दोघं उरलो. आम्हाला दारातूनच परत पाठवायचे. आदेश आला तेव्हा पावसाळा संपला होता. कुलूप उघडलं. टाकी कोरडी होती.

हे असं झालं, मंडळी. तुमच्या त्या प्रशासकीय कारणाने माझे दोन जीव गेले. एक मुलगा होता म्हणे, एक मुलगी. दोघांनाही आजार नव्हता. मला दोघंही हवे होते.

मी फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी तिथे असायला हवं होतं." मॅडम, तुम्ही असताच. तुम्हाला तिथून उचलणारे हात आज तुमच्या गळ्यात हार घालताहेत, आणि तुम्ही मान वाकवून तो घेतलात. हे तुमचं मोठेपण असेल. माझ्याकडे ते नाही.

लोक मला म्हणतात, "हातचं घालवलं." ते केंद्र आता नवी पाटी लावून सुरू आहे, आणि आपल्याच तालुक्यातल्या सुना तिथे जाताहेत. कोणाच्या सांगण्यावरून जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावं.

मॅडमनी इथे काय केलं? खुशबूला गोळ्या सुरू केल्या, आता तिचं दुखणं पुष्कळ कमी झालंय, ती पाचवीत आहे. गावोगावी लग्नाआधी रक्त तपासायला लावलं. कितीतरी घरी त्यांना शिव्या बसल्या. त्या पुन्हा जायच्या. मॅडम, तुमचे आभार मानायला मला आणखी एक भाषण लागेल.

खटल्याची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. मॅडम निवृत्त झाल्या तरी साक्षीला येणार आहेत, मी आणि राजदीप जाणार आहोत. ज्यांनी आज त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांतले कोण येतात ते बघू. दुलीचंदजी, आपणही या. ते निवेदन लिहून त्या केंद्रातलं कोण आपल्या घरी घेऊन आलं होतं, तेवढंच न्यायाधीशांना सांगा. उठू नका, बसा. माझं संपलं.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. दोन शब्दांचे फार झाले, आणि मॅडमच्या आनंदाच्या दिवशी मी भांडले, त्याबद्दल मॅडम, मला माफ करा. इथे मला फक्त तुमचीच माफी मागायची आहे.

जय भीम.