केळीच्या बागेतलं जोडवं

परवा मी पार गोंधळून गेलो, भाऊ. धुळ्याच्या आमच्या जावयाला यंत्र फिरवून जमिनीतली जुनी नाणी शोधायचा नाद आहे. यावलला आला, तर आमच्या केळीच्या बागेत यंत्र वाजलं. उकरलं, तर चांदीचं जोडवं निघालं.

हिच्या पायांत तर दोन्ही जोडवी होती. जावई हसून म्हणाला, "आबा, मग हे कोणाचं?"

आमच्या बागेत दुसरी कोण येणार?

ही खाली बघत म्हणाली, "माझंच. लग्न नवं होतं तेव्हा निंदताना हरवलं. तुम्ही रागवाल म्हणून माहेरून गुपचूप तसंच दुसरं आणलं."

"अगं, इतक्या वर्षांत मी कधी रागावलो का?"

"ते मला तेव्हा कुठं माहीत होतं?"