कॅसेटमधला अखंड दिवा

आमी मूळचे भालकीकडले, शेतकरी. बापानं हैदराबाद गाठलं, मी दहावी करून कुकटपल्लीला टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंगला लागले, अन् नवरा मिळाला तो पन रेडिओ दुरुस्त करनारा, दोन्हीकडं वायरीच वायरी बगा. मग बाहेरचे टीव्ही आले, कारखाना बसला, मी यांच्या अफझलगंजच्या दुकानात येऊन बसले.

तवाच ते टीव्हीवर खेळायच्या गेमचं खूळ आलं. लोक कॅसेट मनायचे, मला वाटायचं आत फीत असंल. पयली खोलली तर एवढ्या थोरल्या डब्यात बोटभर पट्टी, अन् तिच्यावर डांबर सांडल्यावानी काळा थेंब. हे मनले, जळली गं, फेक. मी मनलं, ठहरो जी, जळल्याचा वास कुटंय? थेंबाखाली चिप व्हती. डोंगर, नद्या, उड्या मारनारा मानूस, सगळं त्या थेंबाखाली. काय सांगू तुमाला, अंगावर काटा आला.

भारी कॅसेटीत तर आनखी नवल. मोठ्या चिपमधी गेम, तो पुसला जात नाई. बारक्या चिपमधी खेळनाराचं नाव अन् तो कुटवर आला ते. अन् त्या बारकीला जितं ठेवायला रुपयाएवढा चपटा सेल. सेल संपला की नाव गेलं.

अशीच एक कॅसेट घेऊन विद्यानगरचे मास्तर आले, रिटायर झालेले, आपलेच मराठी. लेक कंप्युटरच्या नोकरीला अमेरिकेत, नात मिनू पन तिकडंच गेली. दर रविवारी फोनवर इचारायची, आजोबा, माझा गेम हाय नं? शेजारच्याची तसलीच कॅसेट पुसली गेली तसे मास्तर घाबरले. मी मीटर लावला, सेल शेवटाला आलेला. हे हळूच मनले, नक्को, हात लावू नको, सेल काढला की पोरीचं नाव जाईल. मास्तर मनले, नवी कॅसेट मिळंल हो सुमनबाई, ते नाव नाई मिळनार.

मला नवरात्रातली माझी सासू आठवली. अखंड दिव्याची वात बदलायची तर ती आधी त्याच्यावरच दुसरा दिवा लावायची, मगच जुनी वात काढायची, ज्योत मोडायची नाई. मी तसंच केलं. दुसरा सेल बाजूनं तारांनी जोडला, मग जुना काढला, नवा बसवला. सोल्डरिंगचा कावीया गरम करायचा, त्याचा प्लग काढायचा, मगच टेकवायचा, न्हाईतर करंट चिपला मारतो. दुकानातल्या टीव्हीवर नाव आलं, मिनू, इंग्रजी अक्षरात. मास्तरांनी टीव्हीच्या काचेवर, त्या नावावरच हात ठेवला.

मास्तर गेले आता. मागच्या साली मिनू आली, मोठी बाई झालेली, तीच कॅसेट घेऊन. मराठी अडखळत बोलती. मनली, काकू, सेल बदला, पन पुसू नका. बदलून टीव्ही लावला तर तिच्या नावाखाली आनखी एक नाव. आजोबा. मास्तर कुनाला न सांगता खेळत व्हते हो, अन् पयल्याच नदीवर अडकलेले.

मी मनलं, खेळ बाई, त्येंना नदी पार कर. ती रडत हसली. मनली, नको काकू, राहू दे तिथंच, मी येऊन भेटत जाईन.

आता माझी नजर कमी झाली, बाकी कामं सोडली. ती कॅसेट तेवढी मीच खोलनार. बारीकशी पट्टी ती, अन् दोघं आजा-नात तिच्यात. सुखी राहो पोरगी, ज्योत न मोडो.