बेर-शेबाचा अर्थ

आता तुमीच सांगा, मला कोणी हातापाया पडून बोलावलं होतं का अर्थ सांगायला?... बोलावलं होतं, तीच तर बोंब हाय! आमच्या कडाव गावात एलिझरभाऊंनी घर बांधलं. बेने इस्रायली माणूस, म्हंजे आपल्या कोकणातलाच ज्यू, रिटायर होऊन ठाण्याहून वाडवडलांच्या जागेत परत आलेला. दारावर पाटी लावली 'बेर-शेबा', घरभरणीला त्यांच्यातला प्रसाद, मलिदा ठेवला, पोहे, खोबरं, गूळ, सगळा गाव बोलावला आणि मला म्हणाले, गुरुजी, या नावाची गोष्ट आमच्या धर्मपुस्तकात हाय, तेवढी गावाला तुमीच समजवा. आता गावांच्या नावांचे अर्थ सांगणं म्हंजे माझा जीव की प्राण! शाळेत जन्मभर तेच केलं, मागं आपलं नाव राहावं एवढीच हौस... हौस ना, भोगा आता!

त्यांनी दिलेलं पुस्तक आठ दिवस माझ्या घरात होतं. उघडलं? नाय! आमची बायको वनिता म्हणाली, अवो, एकदा वाचून तरी जावा. म्हटलं, अगं, मास्तर कोण, तू का मी?

तर उभा राहिलो. सुरुवात काय झकास केली, तुमाला सांगतो! बेथलेहेम म्हंजे भाकरीचं घर, बेथेल म्हंजे देवाचं घर, लोक माना डोलवतायत, मी फुगतोय! मग बेर म्हंजे विहीर, शेबा म्हंजे शपथ, कोणी सातबी म्हणतात, गोष्ट ऐका, म्हटलं, आणि लागलो मोठ्यानं वाचायला. अब्राहामानं विहीर खणली. राजाच्या चाकरांनी ती बळकावली...

इथं माझी जीभ अडखळली. का? आता तुमच्यापासून काय लपवू! आमच्या बांधावरची विहीर एलिझरभाऊंच्या बापानं खणलेली. गाव सोडताना माझ्या बापाला बोलला होता, पाणी दोघांचं. आणि मी? गेल्या साली वर जाळी टाकली, कुलूप ठोकलं. भाऊ शिमग्यात पाणी मागायला आले, तर मी त्यांना काय म्हणालो... थांबा, पान उलटलं तर राजाबी तेच म्हणतोय! "हे कोणी केलं मला ठाऊक नाय, तू कधी बोलला नायस, मी आजच ऐकतोय."

शब्द न् शब्द माझा! समोर भाऊंची बायको रिबेकावैनी बसलेली, घर बांधताना चार महिने हातपंपावरनं हंडे वाहणारी. आणि पुस्तक मधेच मिटता येतंय का? वाचलं. अब्राहामानं सात मेंढ्या दिल्या, विहीर माझी म्हणून साक्ष ठेवली, दोघांनी शपथ घेतली, म्हणून ते नाव. मान वर करवंना हो! लाज लाज म्हणतात ती काय असते, ते साठीत कळलं. हौस ना, भोगा आता!

तेवढ्यात वनिता उठली, भर मांडवात.

"चावी तुमच्या करगोट्यालाच हाय. सोडा ती. सात मेंढ्या नाय मागत कोणी."

दिली. एलिझरभाऊंनी चावी घेतली, माझ्या ओंजळीत मलिदा घातला आणि म्हणाले, "गुरुजी, छान समजवलंत." बास, एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळा झालो असतो!

आता त्या विहिरीला सगळा गाव बेर-शेबाच म्हणतो. कोणी नवा माणूस आला, हे कसलं नाव म्हणून विचारलं, की शेंबडं पोरबी उभं राहून अर्थ सांगतं, विहीर कोणी खणली, कुलूप कोणी लावलं, सगळं नावानिशी. नाव राहावं म्हणत होतो ना... राहिलं!