चाकावरच्या पराती

...आणि वर मलाच विचारतात, गाडीला परात कशाला? तुम्हाला सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मी रहिमतपुरात इतक्यांना दिलंय की आता माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणारं माणूस आधी लांबून बघतं, मी मोकळा आहे का, आणि मोकळा दिसलो की पुढच्या दुकानात जातं. अहो, साधी गोष्ट आहे. गाडी हवा बाजूला सारत पुढे जाते आणि त्यालाच तेल लागतं. चालत्या गाडीतून हात बाहेर काढा, तळवा आडवा धरा, काही होत नाही. उभा धरा, हात मागे ढकलला जातो. आमची जुनी गाडी म्हणजे उभा तळवा, पत्र्याच्या कपाटाला चाकं लावावीत तशी. आमच्या मंडळींना, अंजनाला, मी हे हात बाहेर काढून दाखवलं. ती म्हणाली, "आवं हात आत घ्या, यष्टी येतीया."

वारा दिसत नाही, इथंच सगळं अडतं.

मग म्हटलं, दाखवूनच देऊ. एक जुना स्वेटर उसवला, लाल लोकरीचे बोटभर तुकडे केले आणि सगळ्या गाडीला चिकटवले. वारा सरळ वाहतो तिथे लोकर सपाट बसते, घोटाळतो तिथे फडफडते. इतकं सुंदर दिसत होतं... आणि बाजारात एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "कुठल्या द्येवाला सोडलीया गाडी?"

बरं, लोकर फडफडली ती मागच्या बाजूला. मासा बघा, मागे कसा निमुळता असतो. मी बांबूच्या कामट्या घेतल्या, वर ताडपत्री ताणली आणि गाडीला शेपूट बांधलं. आता बांबू आणि ताडपत्री यात वाईट काय आहे? पण चौकात एक गृहस्थ टोपी काढून खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, कोण गेलं?" अंजनानं तिथल्या तिथे शेपूट सोडायला लावलं.

वारा दिसत नाही, इथंच सगळं अडतं.

राहिली चाकं. फिरणारं चाक ताक घुसळल्यासारखी हवा घुसळतं. निदान मागची दोन झाकावीत. गॅरेजवाला याकूब म्हणाला, "भाऊ, जाड पत्रा नको, वजन होईल. परातीसारखं काहीतरी हलकं बघा." तो चेष्टेनं बोलला, हे मला नंतर कळलं. तोवर मी माळ्यावरच्या, कधी न वापरलेल्या दोन स्टीलच्या पराती घेऊन परत आलो होतो. याकूबनं भोकं पाडून त्या चाकांवर पालथ्या बसवल्या. आणि तुम्हाला सांगतो, तेल खरंच कमी लागायला लागलं. अंजनाला वाटलं, नव्या घेतल्या असतील. कुठल्या, हे विचारायचं तिला सुचलं नाही आणि सांगायचं मला सुचलं नाही.

आणि त्याच आठवड्यात फोन आला, कुंडलहून, लालासाहेबांचा.

लालासाहेब म्हणजे अंजनाचा धाकटा भाऊ. आमच्या शिवांजलीच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव छापणाऱ्यानं बारीक टायपात टाकलं, तेव्हापासून माहेर बंद. लग्नात अक्षता टाकून न जेवता गेले ते गेलेच. दर भाऊबीजेला अंजना ताट तयार करायची आणि झाकून ठेवायची. आता त्यांनीच स्वतः पुढच्या महिन्यातल्या घरभरणीला बोलावलं. अंजना फोन ठेवून रडली, मग पातळं काढली, मग मला म्हणाली, "ह्ये एवढं नीट पार पडू द्या. तितं वाऱ्याचा विषय काढायचा न्हाई." मी नाही काढला हो. पुसेसावळीपासून कुंडलपर्यंत एक अक्षर बोललो नाही.

मांडवापुढे गाडी थांबली. लालासाहेब हात जोडून पुढे आले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. चाकाकडे बघत.

"ह्या आमच्या पराती न्हवं? तुमच्या घरभरणीला दिलेल्या?"

अंजनानं माझ्याकडे जे बघितलं... मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या मागे लपायला जागा शोधली. भावानं दिलेली भेट, भोकं पाडून चिखलातून आणलेली. सनईवाला पण थांबला, काय सांगू. लालासाहेब नव्या धोतरासकट खाली बसले. उपरण्यानं चिखल पुसला. परातीच्या बुडावर टिंबाटिंबांचं नाव कोरलेलं होतं, लालासाहेब, कुंडल, यांजकडून सप्रेम भेट.

"दाजी, ह्ये नाव कुटंकुटं फिरलं?"

खोटं कशाला बोलू? "रहिमतपूर, पुसेसावळी. दर बुधवारी कोरेगाव. एकदा साताऱ्याला."

"साताऱ्याला?" ते उठले. डोळे भरलेले. "आक्का, पत्रिकेत छापणाऱ्यानं केली चूक. पर दाजींनी माजं नाव जिल्ह्याच्या गावाला न्हेलं की गं."

अंजना हसतेय का रडतेय, तिचं तिलाच कळेना. दोघं बहीणभाऊ तिथेच गळ्यात पडले. मी म्हटलं, सुटलो.

कुठला सुटतोय. मांडवाचा बोर्ड रंगवणारा पेंटर अजून तिथेच होता. लालासाहेबांनी दोन्ही परातींवर लाल ऑइलपेंटनं वीतभर नाव घालून घेतलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. "चला, गावातनं एक चक्कर." मी जरा वेग धरला, म्हटलं फरक तरी दाखवू, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू घ्या दाजी. पळवली की नाव वाचाय येत न्हाई."

आणि चौकात थांबवली की लगेच खाली उतरून बघायचे. "नाव उलटं थांबलंय, जरा म्होरं घ्या. आनी थोडं. हां, बास."

माहेर उघडलं, अंजना खूश आहे, यंदा भाऊबीजेला ताटावर झाकण नव्हतं. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू. फक्त आता त्यांच्याकडे बारसं असो, साखरपुडा असो, गाडी माझीच लागते आणि मिरवणुकीच्या चालीनंच चालवावी लागते. आणि त्या वेगाला, तुम्हाला सांगतो, वारा गाडीला अडवतच नाही. तो मागून येतो आणि आम्हाला ओलांडून पुढे निघून जातो.