किसनची गिनती

सुटलेल्या कैद्यांना भाड्यानं खोली बघून द्यायची, हे आमच्या संस्थेचं काम. त्यामुळं घरमालकाचा फोन आला की माझा चहा गार होतो. उदगीरच्या घरमालकीण मावशी म्हणाल्या, "तुमचा किसन रोज सांजच्याला आमच्या घरातली माणसं मोजून राहिला. कशापायी?"

खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. जाऊन विचारलं, तर किसन खाली बघत म्हणाला, "आत रोज गिनती व्हायची, साहेब. ती जुळल्याबिगर अजून घास उतरत न्हाई."

मावशींना काही ते पटलं नाही.

पुढच्या महिन्यात किसन कंधारला भावाकडं गेला. त्याच सांजेला मावशींचा फोन, आवाज तसाच संशयी. "आज मीच मोजले. एक माणूस कमी भरून राहिला. कुठं धाडला त्याला?"