खुर्चीचं म्हणलं होतं

(कळमनुरी. दुपारची वेळ. मास्तरांच्या घराची ओसरी. मिराबाईच्या मांडीवर आठ महिन्यांची नात, पारू.)

सुमन : मग सांगितलंत ना डाकबंगल्यातल्या गोऱ्या डॉक्टरमडमला, मिरामावशी? पारूच्या कानाला बोट लावून ‘ट्रबल’ म्हणायचं, एवढंच तर होतं.

मिराबाई : शब्द पाठ व्हता, मास्तरीणबाई. दोन दिस तोच घोकून राहिले. बैल आऊतात बसला, म्हणलं ट्रबल. चूल पेटंना, ट्रबल. घरधन्याची तंबाखूची चंची हरवली, त्योबी ट्रबल. एवढ्याशा शब्दात समदं मावतं कसं हो? आपल्यात पोटाचं दुखणं येगळं, सुनेची कटकट येगळी.

सुमन : कॉलेजात मलाही त्याचंच नवल वाटायचं. पण डॉक्टरमडम काय म्हणाल्या?

मिराबाई : दुभाशी बाई आलीच न्हाई आज. मडम एकलीच. पर मानूस लई चांगलं. मला उभं पाहून सोता उठली, आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. आता मी कशी बसू?

सुमन : मग?

मिराबाई : तुमी शिकवलं तेच म्हणलं. नो ट्रबल.

सुमन : ते मी…

मिराबाई : परवा मी पाट नको म्हणलं, तवा तुमीच म्हणल्या, ‘तकलीफ घेऊ नका’ला तसं म्हंतेत.

सुमन : हो. म्हणाले होते.

मिराबाई : मडमला बरं वाटलं. पारूकडं बोट करून पुन्हा इचारलं, ‘नो ट्रबल?’ म्या बी हसून म्हणलं, नो ट्रबल. ही तवा निजली व्हती, पदराखाली. मडमनं कागद लिहून देला अन् पुढचीला बोलावलं.

सुमन : बघू कागद.

मिराबाई : औषीद कोनतं लिवलंय? वाचा की.

सुमन : मूल निरोगी आहे, असं लिहिलंय.

मिराबाई : निरोगी? रडून रडून गळा बसला तिचा. कानातून पानी येऊन राहिलं.

सुमन : त्यांना वाटलं, लेकराला काही दुखणं नाही.

मिराबाई : म्या तर खुर्चीचं म्हणलं.

सुमन : चूक माझी, मावशी. अर्धंच शिकवलं मी. मडम निघायच्या कधी?

मिराबाई : चारच्या नांदेडच्या मोटरीनं. मंग म्हैनाभर न्हाई.

सुमन : तीन वाजलेत. थांबा, आत निजलेल्या माझ्या बाळाला घेते.

मिराबाई : त्याला? डाकबंगल्यात गोवरवाली, खोकनारी लेकरं बसलीत. तुमी तर त्याला माझ्याबी मांडीवर देत न्हाई.

सुमन : लक्षात आलंय तुमच्या.

मिराबाई : समद्या आळीच्या ध्यानात आलंय.

सुमन : घरात एकटा कसा ठेवू? पोटाशी बांधून घेईन. तिथं बोलेन मीच.

मिराबाई : न्हाई. नात माझी हाय, मीच बोलते. नुसतं ‘ट्रबल’?

सुमन : नुसतं. पुढचं मी सांगेन. आणि त्यांनी खुर्ची दिली तर?

मिराबाई : बसून घेईन.

सुमन : गुपचूप बसून घ्यायचं.

मिराबाई : मास्तरीणबाई, आमच्यापायी तुमाला तकलीफ…

सुमन : आहे, मावशी. चला.