तात्यांचा बैल आणि काचेची अक्षरं

त्या नव्या अपडेटनं मोबाईलमधलं सगळं काचेसारखं आरपार केलं ना, तेव्हाची गोष्ट. माझ्या कापूरहोळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात भोंगवलीचे तात्या तणतणत आले.

"पोरीचा मेसेज येतुया, पन अक्षरं दिसंनात!"

बघतो तर पडद्यावर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बैलाचा फोटो, आणि त्यावर पांढरीच अक्षरं.

म्हटलं, "तात्या, मागं काहीतरी काळं पाहिजे. नाहीतर..." पुढचं ऐकायला तात्या थांबलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हजर. पडद्यावर काळीभोर म्हैस, अक्षरं लख्ख.

म्हटलं, "सेटिंगमधनं काच बंद करता येते, तेच काल सांगत होतो. बैल परत लावू का?"

तात्यांनी फोन खिशात घातला. "आता काय बी बदलू नगंस. फोटोसाठी दोन तास घासलीया म्या तिला."